पाहुणी कासवं

मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर माएबूर नावाचं गाव आहे. त्याच्या जवळच्या एका छोट्या धक्क्यावरून होडी सुटते आणि समोरच दिसणाऱ्या हिरव्या बेटावर दहा मिनिटांत आणून सोडते. बेटाचं नाव ईल ओ एग्रेत, म्हणजे बगळ्यांचं बेट. बगळे आता तिथे नाहीत. नावं मागे राहतात, हा त्या भागाचा नियमच दिसतो.

बेट जेमतेम २६ हेक्टरचं. म्हणजे साधारण ६५ एकर. आमच्या देवरुखच्या बाजूला दोन-तीन बऱ्या बागायतदारांची कलमं एकत्र केली तर एवढी जमीन होईल. पण गाइडशिवाय फिरता येत नाही, आणि गाइड सांगेल त्याच वाटेने चालायचं. आम्ही सात जण होतो. एक फ्रेंच जोडपं, एक मॉरिशसचं कुटुंब (आजी, मुलगा, सून, नात) आणि मी.

मी फोनवर घरी बोलत होतो, तेवढ्यात आजींनी मान वळवली. फोन ठेवल्यावर त्यांनी सावकाश, शब्द जुळवत विचारलं, "तुम्ही कुठले?" घरात त्या क्रेओल बोलतात. मराठी उरली आहे ती आरतीत, लग्नातल्या गाण्यांत आणि माझ्यासारखा कोणी भेटला तर. त्यांच्या मुलाने मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत जाऊन पूर्वजांचा कागद शोधून काढला होता. तिथे करारावर आलेल्या मजुरांच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. कागदावर एक क्रमांक होता आणि जिल्हा होता, रत्नागिरी. गावाचं नाव लागत नव्हतं. मी रत्नागिरी जिल्ह्यातला म्हटल्यावर आजी माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जणू मी ते गाव खिशातच घेऊन आलो आहे.

बेटावर उतरून पंधरा मिनिटं झाली असतील. वाटेच्या कडेला एक मोठा करडा दगड होता. तो हलला.

वेळासला ऑलिव्ह रिडलीची पिल्लं समुद्रात जाताना मी अनेकदा पाहिली आहेत, त्यामुळे कासव म्हणजे काय ते मला माहीत आहे असा माझा समज होता. मराठीत समुद्रातलं आणि जमिनीवरचं, दोघांनाही आपण कासवच म्हणतो, म्हणून हा घोटाळा होतो. हे प्रकरण वेगळंच. हत्तीसारखे खांबाचे पाय, सुरकुतलेली लांब मान, आणि नर असला तर वजन अडीचशे किलोंपर्यंत जाऊ शकतं. गाइडने त्याच्या मानेखाली हळूच खाजवलं. कासव चारही पायांवर ताठ उभं राहिलं, मान वर ताणली आणि डोळे मिटून तसंच थांबलं. पक्ष्यांनी कातडीच्या घड्यांमधले किडे टिपावेत म्हणून ती अशी उभी राहतात.

आजी पुढे झाल्या. त्यांनी पाठीला बोटं लावली आणि तीच बोटं कपाळाला टेकवली. त्यांना कोणी शिकवलं असेल? आपल्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याला नमस्कार करून मग देवापुढे जायचं. दीडशे वर्षांत गावाचं नाव हरवलं, पण ही हाताची सवय राहिली. मीही नकळत तेच केलं. फ्रेंच जोडप्याने आमचा फोटो काढला.

"ही इथलीच का?" मी गाइडला विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "ही पाहुणी आहेत. इथली आम्ही खाल्ली."

'आम्ही' हा शब्द त्याने अगदी सहज वापरला. त्या वाक्यात तीनशे वर्षांचा इतिहास आहे.

मॉरिशस, रियुनियन आणि रॉड्रिग्ज या तीन बेटांवर मिळून राक्षसी कासवांच्या पाच जाती होत्या. मॉरिशसवर दोन, रॉड्रिग्जवर दोन, रियुनियनवर एक. जगात दुसरीकडे कुठेच नव्हत्या. माणूस नव्हता, वाघ-लांडगे नव्हते, त्यामुळे त्यांना भीतीही नव्हती आणि जाड कवचाची गरजही नव्हती. लाखो वर्षांत त्यांचं कवच पातळ होत गेलं. घराला कुलूप न लावणाऱ्या गावासारखी स्थिती.

१५९८ साली डच जहाजं याच किनाऱ्याला लागली. त्यांनी बेटाला आपल्या राजपुत्राचं, मॉरिट्सचं, नाव दिलं. त्या सफरीवरच्या पुस्तकात १६०१ साली छापलेलं एक चित्र आहे. त्यात खलाशी कासवाच्या पाठीवर बसून फिरताना दिसतात. पर्यटकांची पहिली सेल्फी म्हणा हवं तर. डोडो संपला म्हणून सगळं जग हळहळतं, पण कासवांची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. कारण डोडो गमतीदार दिसायचा, आणि कासव रुचकर होतं.

नुसतं रुचकर नव्हे, सोयीचंही. फ्रीज नसलेल्या काळात जहाजावर ताजं मांस ही चैन होती. हे कासव चारा-पाण्याशिवाय महिनोन् महिने जिवंत राहतं. पकडायचं, उलटं करायचं, तळघरात एकावर एक रचायचं, लागेल तसं कापायचं. चरबीचं तेल निघे, तेही कामाला येई. मांस इतकं, की कधी कधी नुसतं यकृत काढून घेऊन बाकीचं टाकून देत. त्यात माणसांबरोबर उंदीर, डुकरं आणि मांजरं उतरली. त्यांनी अंडी आणि पिल्लं संपवली. म्हातारी खलाशांनी खाल्ली, तान्ही डुकरांनी.

मॉरिशसची कासवं संपत आली तेव्हा नजर रॉड्रिग्जकडे वळली. हे बेट पूर्वेला जवळपास सहाशे किलोमीटरवर, क्षेत्रफळ १०८ चौरस किलोमीटर, म्हणजे उपनगरं सोडून उरणाऱ्या मुंबई शहराच्या दीडपट. फ्रान्स्वा लेग्वा नावाचा एक फ्रेंच माणूस १६९१ ते १६९३ अशी दोन वर्षं तिथे राहिला होता. तो प्रोटेस्टंट पंथाचा, धर्माच्या जाचामुळे देश सोडलेला. त्याने लिहून ठेवलं आहे की कासवांचे कळप दोन-तीन हजारांचे असत आणि जमिनीला पाय न लावता त्यांच्या पाठींवरून शंभर पावलं चालत जाता येई. बेघर माणसाने केलेलं हे वर्णन वाचताना मला नेहमी वाटतं, त्याला घर सापडल्याचा आनंद त्यात आहे.

पुढच्या शतकात फ्रेंचांनी रॉड्रिग्जवर चौकी बसवली. तिचं मुख्य काम कासवं गोळा करून पाठवणं. १७५९च्या सुमारास, इंग्रजांशी युद्ध चालू असताना, चार लहान जहाजं याच कामाला नेमली होती, आणि अठरा महिन्यांत तीस हजारांवर कासवं मॉरिशसला आली. एका खेपेत सहा हजार. शतक संपता संपता रॉड्रिग्जवर जवळजवळ काही उरलं नाही. पाचही जाती आज फक्त हाडांच्या रूपात आहेत. ईल ओ एग्रेतवर वाटेत नामशेष प्राण्यांचे ब्राँझचे पुतळे उभे केले आहेत. जिवंत कासव आणि ब्राँझचं कासव यांच्यात काही पावलांचंच अंतर आहे.

आजींची नात पाचवी-सहावीतली असेल. तिने विचारलं, "मग ही कुठून आली?"

सेशेल्सकडून. मॉरिशसच्या वायव्येला, मादागास्करच्याही पलीकडे अल्दाब्रा नावाचं प्रवाळबेट आहे. गोडं पाणी जवळपास नाही, जमीन म्हणजे सुऱ्यांसारख्या धारेचा चुनखडक, बूट फाटतात. वस्ती करायला इतकी वाईट जागा, की तिथली कासवं वाचली. दुर्गमता हाच त्यांचा किल्ला.

सेशेल्सकडच्या कासवांपैकी एकाची गोष्ट सांगायलाच हवी. १७६६ साली मारियों द्यु फ्रेन नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीने सेशेल्सहून एक पूर्ण वाढलेलं कासव मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईला आणलं. ते लष्करी छावणीत राहिलं. १८१० साली इंग्रजांनी बेट जिंकलं. झेंडा बदलला, कासव तिथेच. १८३४ साली 'अ‍ॅटलस' जहाजातून भारतीय मजुरांची तुकडी बंदरात उतरली. त्यानंतर सुमारे साडेचार लाख माणसं उसाच्या मळ्यांसाठी आली. बहुतेक कलकत्त्याहून, काही मद्रासहून, आणि मुंबईहून आपली कोकणातली माणसं. आजींच्या कागदावरचा माणूस त्यातलाच एक. ज्या धक्क्याच्या पायऱ्या ते चढले त्याला आज आप्रवासी घाट म्हणतात. भारतातून करारावर मजूर नेण्याची पद्धत १९१७ साली बंद पडली. मारियोंचं कासव मेलं १९१८ साली, एका अपघातात, पडून. आपल्या लोकांच्या तिथे येण्याचा अख्खा अध्याय त्या एका प्राण्याच्या हयातीत सुरू होऊन संपला, आणि त्याआधीची अडुसष्ट वर्षं त्याने वेगळी काढली होती.

मी हे आजींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग त्याने आमच्या माणसाला पाहिलं असेल." छावणी आणि धक्का एकाच गावात. नाही कशाला म्हणू?

आता पत्राकडे येतो. १८७४ साली लंडनहून मॉरिशसच्या गव्हर्नरला, सर आर्थर गॉर्डन यांना, एक अर्ज गेला. अल्दाब्रा तेव्हा मॉरिशसच्या कारभाराखाली होतं आणि लाकूडतोडीसाठी ते भाड्याने देण्याचं घाटत होतं. अर्जात म्हटलं होतं की इतर बेटांवरची कासवं गेली, निदान ही तरी वाचवा. सह्या करणाऱ्यांत ब्रिटिश म्युझियमचे गुंथर होते, वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर होते, रिचर्ड ओवेन होते आणि चार्ल्स डार्विन होते. ओवेन आणि डार्विन यांचं तोवर कडवं वैर. एका कागदावर दोघांची नावं आणायला कासवच लागलं.

एका प्राण्याच्या जातीसाठी सरकारकडे केलेल्या सुरुवातीच्या अर्जांपैकी हा एक. लगेच सगळं सुधारलं असं नाही, पण अल्दाब्राच्या कासवांना वाली मिळाला. आज तिथे सुमारे एक लाख कासवं आहेत.

आणि ती पाहुणी म्हणून इथे कामाला आली आहेत. ईल ओ एग्रेतवर मॉरिशसच्या कोरड्या किनारी जंगलाचा शेवटचा तुकडा उरला आहे. त्यातला एबनी, काळ्या लाकडाचा वृक्ष, पूर्वी भरपूर तोडला गेला. १९८६ साली मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने बेट ताब्यात घेतलं, बाहेरची झाडं उपटली, उंदीर हटवले, गुलाबी कबुतरं आणून सोडली. तरी एक अडचण राहिली. एबनीची फळं झाडाखालीच पडून कुजायची. ती गिळून दूर नेऊन टाकणारं कोणी उरलं नव्हतं. आपल्याकडे वड-पिंपळ पक्ष्यांच्या जिवावर देवळाच्या कळसावरसुद्धा उगवतात. इथे ते काम कासवांचं होतं, आणि कासवं खलाशांच्या पोटात गेली होती.

२००० सालापासून अल्दाब्राची कासवं इथे आणली. त्यांनी फळं खाल्ली, बेटभर फिरली, शेण टाकलं. जिथे तोड झाली होती तिथे एबनीची रोपं उगवू लागली, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की कासवाच्या पोटातून गेलेलं बी जास्त चांगलं रुजतं. गाइडने वाटेच्या कडेचं वीतभर रोप दाखवलं. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच अभिमान होता. तीनशे वर्षं रिकामी राहिलेली नोकरी भरली गेली होती.

गोष्ट इथे संपवली असती तर छान झालं असतं. मीही घरी गेल्यावर एवढीच सांगणार होतो. पण परतीच्या वाटेवर, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी या बेटावर बांधलेल्या तोफेच्या चौथऱ्याजवळ बसलो असताना आजींच्या मुलाने विचारलं, "अल्दाब्राला विमानतळ होणार होता, माहीत आहे?"

१९६५च्या ८ नोव्हेंबरला, मॉरिशस स्वतंत्र होण्याआधी सव्वादोन वर्षं, ब्रिटनने चागोस बेटांचा समूह मॉरिशसपासून तोडला. सेशेल्सकडून अल्दाब्रासह तीन बेटं घेतली. सगळं मिळून नवी वसाहत केली, हेतू लष्करी. मॉरिशसच्या नेत्यांपुढे स्वातंत्र्याची बोलणी आणि हा तुकडा एकाच टेबलावर ठेवला गेला. नेते होते शिवसागर रामगुलाम, स्वतः करारावर आलेल्या बिहारी मजुराचे पुत्र. तीस लाख पौंडांच्या भरपाईवर त्यांनी होकार दिला. दुसरं काय करता आलं असतं, यावर मॉरिशसमध्ये आजही वाद होतो.

अल्दाब्रावर धावपट्टी करायची हे कळताच शास्त्रज्ञ उठले. लंडनची रॉयल सोसायटी, अमेरिकेतली स्मिथसोनियन, भूगोलाचे अभ्यासक डेव्हिड स्टॉडर्ट. पार्लमेंटमध्ये टॅम डॅलिएल यांनी प्रश्नांचा भडिमार केला. वृत्तपत्रांत पत्रं आली. नोव्हेंबर १९६७मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, खर्च कापावा लागला, आणि अल्दाब्राचा बेत रद्द झाला. पैशाने वाचवलं की पत्रांनी, हे तुम्ही ठरवा. मला वाटतं दोन्ही. कासवं वाचली. १९७६मध्ये बेट सेशेल्सकडे परत गेलं, १९८२मध्ये जागतिक वारसा झालं.

लष्करी तळ झाला चागोसमधल्या दिएगो गार्सियावर, अमेरिकेचा. तिथे राक्षसी कासवं नव्हती. माणसं होती.

दीड ते दोन हजार. अठराव्या शतकाच्या शेवटी नारळाच्या बागांसाठी आणलेल्या आफ्रिकी आणि मादागास्करी गुलामांचे वंशज, त्यांत मिसळलेले काही भारतीय मजूर. चर्च, दफनभूमी, स्वतःची क्रेओल बोली, चार-पाच पिढ्या. पण कायमची प्रजा आहे म्हटलं की तिचे हक्क येतात. म्हणून लंडनच्या कागदांवर त्यांना करारावर आलेले तात्पुरते कामगार ठरवण्यात आलं. एका अधिकाऱ्याने तर १९६६ साली लिहिलं की समुद्रपक्ष्यांखेरीज तिथे मूळ रहिवासी उरणार नाहीत. १९६८ ते १९७३ या काळात सगळ्यांना बेटं सोडायला लावलं. आधी मॉरिशसला उपचाराला किंवा भेटीला गेलेल्यांना परतीचं जहाज नाकारलं, मग धान्य येणं कमी केलं. १९७१मध्ये लोकांची कुत्री खोबरं वाळवण्याच्या शेडमध्ये कोंडून गाड्यांच्या धुराने मारली. मग माणसं जहाजात भरली. पोर्ट लुईच्या गोदीवर उतरल्यावर त्यांना ना घर होतं, ना काम.

'करारावर आलेले.' आजींचा पूर्वजही करारावरच आलेला. त्या कागदाच्या जोरावर त्यांचा मुलगा आज मतदान करतो, घर बांधतो, गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी घेतो. तोच शब्द दोन हजार किलोमीटरवरच्या शेजाऱ्यांना घालवायला पुरला. आजींच्या मुलाने हे माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितलं: "कासवासाठी डार्विनने सही केली. त्यांच्यासाठी कोणी नाही."

अगदी कोणीच नाही असं नाही. चागोसची माणसं स्वतः लढली, बायका सर्वांत पुढे, उपोषणं करून. ऑलिव्हिए बँकूल्ट यांनी लंडनच्या कोर्टात २००० साली खटला जिंकला. २००४ साली सरकारने राणीच्या हुकुमाने तो निकाल निष्प्रभ केला. २०१० साली ब्रिटनने चागोसभोवतीचा समुद्र संरक्षित क्षेत्र जाहीर केला. प्रवाळ, मासे, कासवं, सगळं सुरक्षित. त्याच वर्षाच्या शेवटी विकिलीक्सने फोडलेल्या एका अमेरिकी तारेतून दिसलं, की अशा क्षेत्रामुळे मूळ रहिवाशांना परत येणं अवघड होईल, हा हिशेब अधिकाऱ्यांच्या मनात होता. मी निसर्गप्रेमी माणूस आहे. त्या बातमीनंतर 'संरक्षित' हा शब्द वाचला की मी आधी विचारतो, कोणापासून?

यात कासवांवर राग धरण्यासारखं काही नाही. अल्दाब्रावर डांबर पडलं असतं तर चागोस वाचलंच असतं, याचीही खात्री कोणी देऊ शकत नाही. २०१९ साली हेगच्या न्यायालयाने चागोस तोडणं बेकायदा होतं असं मत दिलं. मे २०२५मध्ये ब्रिटन आणि मॉरिशसने बेटं परत करण्याच्या करारावर सह्या केल्या, दिएगो गार्सियाचा तळ मात्र ९९ वर्षं तसाच. करार हा शब्द पुन्हा आला.

एक गोष्ट त्या चौथऱ्यावर बसून ऐकली ती डोक्यातून जात नाही. एप्रिल २००६मध्ये चागोसच्या सुमारे शंभर लोकांना एका जहाजाने त्यांच्या बेटांवर नेलं. कबरींवरचं गवत काढायला, चर्चमध्ये प्रार्थना करायला. त्यांनी मोडकी चर्च झाडली, आईवडिलांची नावं शोधली, वाळू आणि नारळ सोबत घेतले. दिवस मावळला की परत जहाजावर. आपल्याच बेटावर ती एका दिवसाची पाहुणी होती.

चार वाजता गाइडने शिट्टी वाजवली. ते मोठं कासव अजून वाटेतच होतं, पडलेल्या पानांचा रवंथ केल्यासारखं सावकाश चावत. आम्ही त्याला वळसा घालून गेलो. समोरच्या किनाऱ्यावर २०२०च्या जुलैमध्ये वाकाशिओ जहाज खडकावर चढलं होतं. तेल पसरू लागलं तेव्हा इथल्याच लोकांनी उसाचं पाचट पोत्यांत भरून पाण्यात लांबच लांब बांध घातले होते. आजींच्या सुनेने हात दाखवले, आठवडाभर काळे राहिलेले. पाचट भरायला आजीही बसल्या होत्या.

बेटावर रात्री पर्यटकांना राहता येत नाही. होडी सुटायच्या आधी गाइडने माणसं मोजली. सात. मग पुन्हा एकदा मोजली, आणि दोर सोडला.